डबल ट्रॉलीची सुखोई

या सगळ्या उपद्व्यापातून सहादेवला मिळणार होतं ते एक वळण. जमीन म्हणाल तर चार म्हशी दाटीवाटीनं बसतील एवढीच. पण तेवढ्या कोपऱ्यापायी त्याचा सगळा ऊस अडून बसला होता. डांबरी सडकेवरून पाणंद आत यायची ती काकासाहेबांच्या शेताला खेटून, आणि त्यांच्या कोपऱ्याशी काटकोनात वळून सहादेवच्या रानाकडं जायची. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला काकासाहेबांचं तारेचं कुंपण. कुंपणाच्या टोकाशी शेवग्याचं झाड, झाडाखाली गुडघाभर उंचीचा एक धोंडा. तिथून बैलगाडी वळायची, मोटारसायकल वळायची, वरातीची घोडीसुद्धा वळली होती एकदा. मागं दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर मात्र तोंड वळवायचा आणि शेपटाला अडकून बसायचा.

वळण मिळालं तर ट्रॉल्या थेट उसाच्या फडात. न मिळालं तर तोडणीवाल्यांनी मोळ्या डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत चालायचं, आणि तोडणीवाले काही सहादेवचे मेव्हणे नव्हते. टोळीच्या मुकादमानं यंदा सांगूनच टाकलं होतं, "ट्रॉली फडात येत आसंल तर कोयता लावतो. न्हाईतर तुमच्या उसाचा तुमीच रस काढा."

शिवाय वळणाबरोबर काकासाहेबांचं नाकही थोडं खाली येणार होतं. हा नफा सहादेव उघड बोलत नव्हता, पण मनात तो पहिल्या ओळीलाच मांडलेला होता. खर्चाच्या बाजूला त्यानं काहीच मांडलं नव्हतं. माणसाचा हिशेब चुकतो तो बहुतेक त्याच बाजूला.

सरळ मार्ग करून झाले होते. दिवाळीचा फराळ झाला, काकासाहेबांच्या दुखऱ्या गुडघ्याला तेल आणून देणं झालं, पाहुण्यांकरवी सांगणं झालं. काकासाहेबांचं उत्तर ठरलेलं. "रस्त्याला वळान हायच की. तुझ्या ट्रॅक्टरला मान न्हाई, त्याला मी काय करू?" तहसीलला अर्ज केला असता तर वळण मिळालंही असतं, पण ते सहादेवच्या नातवाच्या उसाला.

तेव्हा त्यानं आडमार्ग धरला. आणि आडमार्ग आकाशातून जात होता.

काकासाहेबांना विमानांचं वेड होतं. साधंसुधं नव्हे. शिर्डीला उतरणारं प्रवासी विमान डोक्यावरून गेलं तर ते मान वर करत नसत. "एस्टी हाय ती," म्हणत. त्यांचा जीव लढाऊ विमानांवर, आणि त्यातही सुखोईवर. गेल्या वर्षी सीमेवर धामधूम झाली तेव्हापासून मोबाईल हातातून सुटला नव्हता. त्यांचा साडू ओझरला, जिथं विमानं बांधतात तिथल्या कुणाच्या तरी घरी भाजी पोचवायचा. तेवढ्या नात्यावर काकासाहेब संरक्षण खात्याच्या वतीनं बोलत. सकाळी दूध घालायला डेअरीवर माणसं जमली, की कॅन रिकामा होईपर्यंत व्याख्यान ठरलेलं.

सहादेवला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गरज पडली तर माणूस संस्कृतही शिकतो. त्यानं मोबाईलवर राफेल लावलं. जेवताना लावलं, गोठ्यात लावलं. एकदा तर हातात दोन भाकऱ्या घेऊन एक दुसरीच्या मागं लावत तो ताटावर गिरक्या मारत होता, तेव्हा पुष्पावती, त्याची बायको, कालवणाची पळी हातात धरून बघत राहिली.

"आवो, ही पाडायची का खायची ते ठरवा एकदाचं. कालवान निवालं."

"गप. पुढची सुखोई हाय."

"आन मागची?"

"मागची मी."

अशी तयारी झाल्यावर एका सकाळी त्यानं डेअरीवर, मापात दूध ओतता ओतता, सहज म्हणावं तसं म्हटलं, "काका, सुखोई मोठी हाय हे खरं. पन वळायला राफेलच."

काकासाहेबांच्या हातातला चहा तसाच राहिला. दुधाची फॅट मोजणाऱ्यानंही मशीनवरून मान वर केली.

"कोन म्हनतं?"

"सगळं जग म्हनतं. पाठीला तिकोनी पंख, तोंडाशी दोन बारके पंख. पायलटनं मनात आनलं की पहिल्या झटक्याला गपकन वळतं."

"बारके पंख सुखोईला बी हायेत!" काकासाहेब उठूनच उभे राहिले. "आन वर तिच्या इंजिनाची तोंडं फिरत्यात. तोंडं! आख्खा जाळ वळवती ती. हवेत उभी ऱ्हाती, नागासारखा फना काढती. तुझ्या राफेलला येतंय का?"

"फना काढला की वेग गेला, काका. उभ्या ऱ्हायलेल्या नागाला काठी मारायला काय पैलवान लागतो व्हय?"

हे वाक्य सहादेवनं आदल्या दिवशी गोठ्यात म्हशीपुढं म्हणून पाहिलं होतं. माणसं हसली. काकासाहेब नाही हसले.

"आरं, लवकर वळनं येगळं आन कमी जागंत वळनं येगळं," ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर हे ते बरोबर बोलत होते. "तुझं राफेल झटक्यात तोंड फिरवील. सुखोई हाय तितल्या तितं फिरंल. ढान्या वाघ हाय ती. आंगानं मोठा, पन गुहेत वळतो."

बाबाजान इतका वेळ आपल्या ट्रॅक्टरला टेकून बिस्किट चहात बुडवत होता. देवळाली प्रवऱ्याहून उसाच्या वाहतुकीला यायचा. आसपासच्या जत्रांत दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उलटा, म्हणजे मागं मागं चालवायच्या शर्यती लागतात, त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला दोन्ही विमानांबद्दल एकच तक्रार होती.

"दोघांना बी रिव्हर्स न्हाई. काय चाटायचंय?" तो म्हणाला. "आन काका, आता वळत कोन बसतंय? माझा भाचा सांगत हुता, आता डोळ्याला दिसायच्या आगुदरच लांबून मारत्यात. तुमी दोघं एकमेकाच्या शेपटीमागं गिरक्या घ्या. तिसरा कोन तरी घरी बसून बटन दाबनार."

या बोलण्याकडं दोघांनीही दुर्लक्ष केलं. सहादेवनं करायला नको होतं.

"मोठ्या जनावराला वळायला जागा लागतीच काका," त्यानं दोर आवळला. "सुखोई म्हंजी बाबाजानची डबल ट्रॉली. राफेल म्हंजी माझा बारका ट्रॅक्टर. तुमच्याच कोपऱ्यावर बघू. आडली तर?"

"आडली तर कोपरा तुझा!" काकासाहेब गरजले. "कुंपन मी सोता मागं घेतो. आन वळली तर?"

"वळली तर माझ्या घरावरच्या पान्याच्या टाकीवर सुखोईचं चितार काढतो. रंगात. सडकंवरनं दिसंल आसं."

डेअरीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. सहादेवनं मान खाली घालून हसू गिळलं. ट्रॉली अडली तर कोपरा मिळत होता. वळली तर सगळ्या गावादेखत सिद्ध होत होतं की ती वळते, मग मुकादमाला कोयता लावावाच लागणार. टाकीवर सुखोई काय, बदक काढलं तरी उसाला काय फरक पडणार होता? अशी पैज, जिच्यात हरलं तरी नफाच.

"पन ट्रॅक्टर मी चालवनार," काकासाहेब म्हणाले. "सुखोईचा पायलट मीच."

बाबाजानचा चहा नाकात गेला.

ठरल्या दिवशी पाणंदीच्या दोन्ही बाजूला गाव उभं होतं. ओढ्याच्या काठावर तर बसायला पोती अंथरली होती. काकासाहेब आले ते मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा लावून. बाबाजानला त्यांनी मडगार्डवर बसवलं. "सुखोईत दोघं बसत्यात," ते म्हणाले. "मागचा फकस्त बघतो. बोलायचं न्हाई."

"या अल्ला," मागचा बोलला.

लांब, घराच्या ओसरीवर, काकासाहेबांची आई बनुबाई बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. सगळा गाव तिला बनुआजी म्हणायचा. सकाळी निघताना तिनं लेकाला एवढंच विचारलं होतं, "सहादूला विमानाचं याड कदीपास्नं लागलं रं?" आणि लेकानं चष्मा पुसत उत्तर दिलं होतं, "माझं ऐकूनच लागलं." बनुआजी पुढं काही बोलली नव्हती.

आधी राफेल निघालं. सहादेवनं आपला डाळिंबाच्या बागेत फिरणारा बारका ट्रॅक्टर एका ट्रॉलीसकट आणला आणि कोपऱ्यावर एका दमात, कुंपणाला केसभरही न घासता वळवला. लोक ओरडले. काकासाहेबांनी नाक उडवलं.

"त्यात काय? मांजर बी वळतं."

मग सुखोई सुरू झाली. काळ्या धुराचा लोट निघाला. दोन रिकाम्या ट्रॉल्या खडखडत कोपऱ्याशी आल्या. ट्रॅक्टर वळला, पहिली ट्रॉली निम्मी वळली, आणि तिचं चाक नेमकं कुंपणाच्या खांबाला जाऊन टेकलं. गाडी थांबली. सहादेवला आपला फड तुटलेला, बांधलेला, ट्रॉल्यांत भरलेला दिसायला लागला.

"आडली!" कुणीतरी म्हणालं.

"आडली न्हाई," काकासाहेब म्हणाले. "इचार करती."

ते खाली वाकले. शेतातल्या ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. सडकेवर चालवताना दोन्ही पेडल एका पट्टीनं जोडून ठेवतात; नांगरताना ती पट्टी काढायची आणि एकाच चाकाला ब्रेक मारायचा, म्हणजे ट्रॅक्टर त्या चाकावर भिंगरीसारखा फिरतो. काकासाहेबांनी पट्टी काढली आणि गावाकडं तोंड करून ओरडले, "आता बगा! इंजिनाची तोंडं फिरवतो!"

"काका, शेतात ठीक हाय ते, मागं दोन ट्रॉल्या—" बाबाजान म्हणाला.

"मागच्यानं बोलायचं न्हाई!"

आणि त्यांनी एका पायानं ब्रेक, दुसऱ्या पायानं गॅस दाबला.

ट्रॅक्टर फिरला. खरोखर फिरला, गुहेतल्या वाघासारखा. पण वाघाच्या मागं दोन ट्रॉल्या होत्या, आणि ट्रॉलीची जात अशी, की तिला तोंडामागून गोल यायला सांगितलं तरी ती आतून सरळ येते. पहिल्या ट्रॉलीनं कुंपणाचे खांब शेंगा सोलाव्यात तसे सोलले. दुसरीनं तार अंगाला गुंडाळली, तारेबरोबर शेवगा मुळासकट काढला, शेवग्याखालचा धोंडा तारेत अडकवला, आणि ही सगळी वरात ओढत सुखोई कोपऱ्यापलीकडं निघाली. मागून माणसं ओरडत होती. काकासाहेबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पायलट मागं बघत नसतो. तार तुटली तेव्हा धोंडा घरंगळत गेला आणि सहादेवच्या रानाच्या तोंडाशी, जिथून ट्रॉली आत शिरायची बरोबर तिथं, मधोमध येऊन उभा राहिला.

"वळली!" काकासाहेब ट्रॅक्टरवर उभे राहून गरजले. "वळली का न्हाई?"

"वळली काका! मी हरलो!" सहादेव एवढ्या आनंदानं ओरडला, की दोनचार शहाण्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. कुंपण गेलं होतं, शेवगा गेला होता, कोपरा हिंदकेसरी पैलवानाच्या भादरलेल्या डोक्यासारखा मोकळा झाला होता. आणि हे सगळं मालकानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या खुशीनं, काळा चष्मा लावून केलं होतं. सहादेवनं काकासाहेबांना खांद्यावर घेतलं. गाव सगळं मिरवत डेअरीकडं जिलबी खायला गेलं.

ओसरीवर बनुआजीनं सूप बाजूला ठेवलं. कपाळावर हात धरून ती कोपऱ्याकडं बघत राहिली. ती तेव्हाही काही बोलली नाही. म्हातारं माणूस गप्प आहे, हे सहादेवनं खर्चाच्या बाजूला मांडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुष्पावतीला कोपरा दाखवायला घेऊन आला. पहिली ट्रॉली आत येईल तेव्हा फोडायला म्हणून तिनं नारळही घेतला होता. कोपऱ्यावर तो छाती काढून थांबला.

"बग. याला म्हनत्यात डोकं."

पण पुष्पावती पुढं बघत होती. रानाच्या तोंडाशी बाया जमल्या होत्या. उदबत्तीचा वास येत होता. सहादेव पुढं गेला. कालचा धोंडा नखशिखांत शेंदरानं माखला होता, वर झेंडूची माळ, पायाशी लिंबू, आणि शेजारी पोत्यावर बनुआजी.

"आजी, हे काय?"

"म्हसोबा."

"कसला म्हसोबा? हा कोपऱ्यातला धोंडा हाय! काका याच्यावर पाय ठिवून तंबाखू मळायचं!"

"म्हनून तर गुडघा गेला त्याचा," बनुआजी शांतपणे म्हणाली. बायांनी हं केलं. गावात काकासाहेबांचा गुडघा सगळ्यांना माहीत होता. त्याचं कारण आज कळलं.

सहादेवनं तावातावानं धोंड्याला हात लावला. बोटं लालभडक झाली.

"हात लावू नगं," बनुआजी म्हणाली. "द्येव आजून वला हाय."

सहादेवनं ती बोटं वर धरून बायांना दाखवली. हा सज्जड पुरावा होता. पण तो पुरावा बघून बायांनी फक्त हात जोडले, आणि फाडकन आवाज आला म्हणून त्यानं वळून पाहिलं, तर पुष्पावतीनं नारळ फोडला होता. ट्रॉलीचा नारळ, म्हसोबापुढं.

"तू बी?"

"आवो, खोटं का खरं ते त्याचं त्यो बगंल," ती पदर सावरत कुजबुजली. "आपल्या रानाच्या तोंडाशी बसलाय. कशाला वाकडं घ्यायचं?"

एवढ्यात काकासाहेब लंगडत आले. त्यांना सगळा मजकूर कळला. त्यांनी धोंड्याकडं पाहिलं, गुडघ्याकडं पाहिलं, आणि चप्पल काढली.

बाया पांगल्यावर सहादेव पोत्याच्या कडेला उकिडवा बसला. आवाज खाली आणला.

"आजी, द्येव जरा बाजूला सरकवूया का? ट्रॉली आत जाईना."

"द्येव जितं बसला तितं बसला. तुझं रान रग्गड हाय. बाजूनं वाट काढ."

"बाजूनं काढायची म्हंजी उभा ऊस पाडावा लागंल. कोपराभर रान जाईल माझं."

"किती जाईल?"

सहादेवनं नजरेनं मोजलं. चार म्हशी दाटीवाटीनं बसतील एवढं.

बनुआजी हसली. दात नव्हते, त्यामुळं हसणं सगळं डोळ्यांत. "तेवडंच माझं गेलं, सहादू. वर शेवगा गेला. मी लावला हुता त्यो."

"तुमचं कसं? रान काकाचं—"

"सातबाऱ्यावर कुनाचं नाव हाय, इचारलंस कदी? माझ्या बापानं मला दिलेलं रान हाय ते. वर्सान वर्सं तू त्याच्या गुडघ्याला त्याल आनलंस, फराळ आनलास, पाव्हनं आनलंस. मला एकदा इचारलं आसतंस तर शेवगा राखून कोपरा दिला आसता. पन तू माझ्या लेकाला इमानात बसवलंस." ती काठीवर जोर देऊन उठली. "मग मी बी म्हनलं, बसवू दे. मला बी बसवता येतं."

सहादेवनं शेंदराची बोटं पोत्याला पुसली. राफेल किती लवकर वळतं, सुखोई किती थोड्या जागेत वळते, वळताना कुणाचा वेग किती जातो, हे सगळं त्याला पाठ होतं. ओसरीवर तांदूळ निवडणारीचा पल्ला किती, ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

"काय ठरलं?" मागून बाबाजानचा आवाज आला. कालच्या ओढाताणीत वाकलेली ट्रॅक्टरची कडी बघायला तो आला होता. शेंदूर बघून त्याला सांगावं लागलं नाही. "मी म्हनलं हुतं. तिसरा कोन तरी घरी बसून बटन दाबनार."

"बाजूनं वाट काढली तर तुला ह्यातनं वळवता येईल का?" सहादेवनं विचारलं. "तिकडनं कोपरा, इकडनं म्हसोबा?"

बाबाजाननं एक डोळा मिटून अंदाज घेतला. "नागासारखं आत जावं लागंल. पन जाईल." मग त्याचा चेहरा उजळला. "भरून भायेर मातर रिव्हर्सनं काढतो. गाव बोलाव."

तर अखेरीस ऊस गेला, वेळेवर गेला, तुरा यायच्या आत. त्याचा जमाखर्च असा: सहादेवला कोपरा मिळाला आणि तेवढाच कोपरा त्याचा गेला. घरावरच्या टाकीवर सुखोई आली; रंगारी शाळांच्या भिंतींवर बगळे काढणारा असल्यामुळं ती सडकेवरून उडत्या बगळ्यासारखी दिसते, आणि येणारी-जाणारी माणसं इथं तळं कुठं आहे असं विचारतात. काकासाहेब पैज जिंकले, कुंपण हरले, आणि रोज सकाळी दुखऱ्या गुडघ्यानं सहादेवच्या रानाच्या तोंडाशी येऊन, ज्या धोंड्यावर पाय ठेवायचे त्याच्या पाया पडतात. बाबाजानला आणखी एक जागा मिळाली जिथं त्याच्याशिवाय कुणाला रिव्हर्स जमत नाही. बनुआजीनं शेवग्याची एक फांदी म्हसोबाच्या मागं रोवली; ती सहादेवच्या हद्दीत आहे, पण शेंगा काढायला तीच येते.

एवढ्यावर सगळ्यांचं फिटलं असतं. पण देव नवा बसला की त्याला नैवेद्य लागतो, आणि तो गोड चालत नाही. तेव्हा सहादेव घोडेगावच्या बाजारातून एक काळा बोकड घेऊन आला. रीतीप्रमाणं तो कापायला मुलाणी बोलावला, गाव जेवायला बसलं, आणि रस्सा वाढता वाढता राफेल आणि सुखोईचा वाद पुन्हा पेटला. त्या वादात ज्याला कुठलीच बाजू नव्हती, ज्याला वळायला कुणी जागाच दिली नाही, असा एकच जण त्या पंगतीत होता. सगळ्यांचं बिल त्यानंच भरलं, आणि तो ताटात होता.